ठासणीच्या बंदुकीची नळी

ठासणीच्या बंदुकीची नळी हा तोंडाकडून भरल्या जाणाऱ्या बंदुकीचा मुख्य भाग होय. या प्रकारच्या बंदुकीत दारू, बोळा आणि गोळी किंवा छर्रे नळीच्या तोंडातून आत टाकून गजाने ठासले जातात; त्यावरूनच तिला 'ठासणीची बंदूक' हे नाव मिळाले. दारूच्या स्फोटाचा सर्व दाब नळीच्या भिंतीवर येत असल्याने नळीची घडण, तिची आतून-बाहेरून केलेली सफाई आणि गंजापासून तिचे रक्षण या तीन बाबींवर बंदुकीचा नेम, आयुष्य आणि चालवणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते. भारतात सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हीच बंदूक प्रामुख्याने वापरात होती. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी तिचा स्वतंत्र उल्लेख असल्यामुळे रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर यांसारख्या जंगलालगतच्या तालुक्यांत हा विषय केवळ इतिहासाचा राहिलेला नाही.

परिभाषा

'बंदूक' हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. अरबी 'बुंदुक' या शब्दाचा मूळ अर्थ एक प्रकारचे कठीण कवचाचे फळ असा असून पुढे तो गोळीसाठी आणि नंतर गोळी उडवणाऱ्या शस्त्रासाठी वापरला जाऊ लागला. मराठीत या शस्त्राच्या भागांना पुढील नावे आहेत.

नळी : ज्यातून गोळी सुटते तो लोखंडी वा पोलादी भाग. तिच्या पुढच्या टोकास तोंड व मागच्या बंद टोकास बूड म्हणतात.
दस्ता : नळी ज्यावर बसवलेली असते तो लाकडी भाग.
गज : दारू व गोळी ठासण्याची लांब काठी किंवा सळई.
कान : बुडाजवळचे बारीक छिद्र. यातून बाहेरची ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोहोचते.
रंजक : कानाजवळ ठेवायची बारीक दारू.
तोडा किंवा जामगी : पेटती वात. तिच्यावरून 'तोड्याची बंदूक' हा प्रकार ओळखला जातो.
घोडा व चाप : चाप ओढल्यावर घोडा पडतो आणि ठिणगी उत्पन्न होते.
टोपी : आघाताने पेटणाऱ्या द्रव्याची छोटी धातूची वाटी.

शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या कारागिरास 'शिकलगार' म्हणतात. हा शब्द फारसीतून आला असून झिलई करणारा असा त्याचा अर्थ आहे. महाराष्ट्रात या नावाचा समाजही आहे.

इतिहास

मुघल कारखाने

१५२६ मधील पानिपतच्या पहिल्या लढाईत बाबराने तोफा आणि तोड्याच्या बंदुका वापरल्या. त्यानंतरच्या काळात उत्तर भारतात बंदुका घडवण्याचे कसब वेगाने वाढले. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी' या ग्रंथात बंदुकीच्या नळीविषयी बारकाईने लिहिले आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा वाकवून त्याच्या कडा एकमेकींस जोडल्या जात. अकबराच्या कारखान्यात पत्रा कागदाच्या गुंडाळीप्रमाणे पिळून एकावर एक थर येतील अशा रीतीने वळवला जाई आणि टप्प्याटप्प्याने भट्टीत तापवून घणाखाली सांधला जाई. अशी नळी फुटण्याचा धोका कमी असे.

नळीच्या सफाईच्या दृष्टीने या ग्रंथातील एक नोंद विशेष महत्त्वाची आहे. नळी साफ करण्यासाठी पूर्वी एका बळकट माणसाला लोखंडी अवजारांनी बराच वेळ खपावे लागे. अकबराच्या काळी यासाठी जनावराने फिरवायचे एक चक्र तयार करण्यात आले. त्याच्या साहाय्याने एकाच वेळी सोळा नळ्या थोड्या वेळात साफ होत. सफाईचे काम किती कष्टाचे व खर्चिक होते, हे यावरून लक्षात येते. तयार बंदुकीवर लोखंडाचे वजन, लोखंड कोठून आले ते ठिकाण, कारागिराचे नाव, घडवण्याची जागा, तारीख व क्रमांक कोरण्याची पद्धत होती, असेही अबुल फजल नोंदवतो.

मराठा काळ

शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडित यांनी रचलेल्या 'राज्यव्यवहारकोश' या ग्रंथात शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्रा'त किल्ल्यावरील दारूचे कोठार राहत्या घरांपासून दूर असावे, असे बजावले आहे. बंदुका व दारू यांचा साठा दमट हवेत टिकवणे ही सह्याद्रीतील किल्लेदारांची कायमची चिंता होती. अठराव्या शतकात कवायती फौजांचे महत्त्व वाढले. पानिपतच्या १७६१ मधील लढाईत इब्राहिमखान गारदी याच्या बंदूकधारी पलटणी मराठ्यांच्या बाजूने लढल्या. पुढे महादजी शिंदे यांनी द बॉइन्य या अधिकाऱ्याच्या मदतीने युरोपीय पद्धतीच्या पलटणी उभ्या केल्या.

युरोपीय घडामोडी

सतराव्या शतकात युरोपात चकमकीच्या बंदुकीचा प्रसार झाला. १८०७ मध्ये अलेक्झांडर फॉरसिथ याने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याच्या वापरासाठी एकस्व मिळवले आणि त्यातून पुढे टोपीची बंदूक विकसित झाली. नळीच्या आत पीळदार खाचा पाडल्या असता गोळी स्वतःभोवती फिरत जाते व तिचा नेम सुधारतो. अशा नळीच्या बंदुकीस रायफल म्हणतात. १८५७ च्या उठावात वादाचा विषय ठरलेली १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड ही खाचा असलेली ठासणीचीच रायफल होती. १८६० च्या दशकापासून बुडाकडून काडतूस भरण्याच्या बंदुका सैन्यात आल्या आणि ठासणीच्या बंदुकीचे लष्करी महत्त्व संपले.

नळीची घडण

जुन्या पद्धतीत लोहार भात्याने फुलवलेल्या भट्टीत लोखंडी पट्टी पांढऱ्या उष्णतेपर्यंत तापवून, सांडशीने धरून, एका गोल सळईभोवती ऐरणीवर वळवीत असे. पट्टी लांबीच्या दिशेने वळवल्यास एक सरळ सांधा राहतो. ती दोरीच्या वेटोळ्याप्रमाणे तिरकी गुंडाळल्यास सांधा नळीभोवती फिरत जातो आणि दाब कोणत्याही एका रेषेवर एकवटत नाही. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून केलेल्या नळ्यांवर लाटांसारखी नक्षी उमटते. तलवारीच्या पात्यावरील अशा नक्षीस 'जौहर' म्हणतात. ती उठून दिसावी म्हणून हिराकसाच्या द्रावणासारख्या सौम्य दाहक पदार्थांनी पृष्ठभागावर प्रक्रिया केली जाई. पोलाद व लोखंड यांवर या द्रावणाचा परिणाम वेगवेगळा होत असल्याने नक्षीत गडद-फिकट छटा दिसतात.

आधुनिक नळी भरीव पोलादी सळईत खोल छिद्र पाडून तयार करतात. ती बाहेरून गोल किंवा अष्टकोनी असते. कित्येक नळ्यांचा बुडाकडील भाग अष्टकोनी व पुढील भाग गोल असतो. बुडाकडे दाब सर्वाधिक असल्याने तेथे भिंत जाड ठेवतात आणि तोंडाकडे ती क्रमाक्रमाने पातळ होत जाते.

बाह्य सफाई

अमेरिका व युरोपात ठासणीच्या रायफलींचे सुटे भाग जुळणी-संचाच्या (किटच्या) स्वरूपात विकले जातात. त्या देशांतील कायद्यांनुसार छंद म्हणून अशी बंदूक जुळवणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. अमेरिकेत या छंदाची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली, तर १९७१ पासून ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजीसाठी आंतरराष्ट्रीय समिती कार्यरत आहे. संचातील नळी छिद्र पाडून व पारखून आलेली असली तरी तिच्या बाह्य पृष्ठभागावर यंत्राचे ओरखडे असतात. ते काढून पृष्ठभाग एकसारखा करणे हे जुळणी करणाऱ्याचे पहिले मोठे काम असते. जुन्या कारागिरांची आणि आजच्या छंदिष्टांची पद्धत मूलतः एकच आहे.

कानसकाम

नळी शेगड्यात धरताना जबड्यांना लाकूड, चामडे किंवा शिसे यांचे अस्तर लावतात. अन्यथा जबड्यांचे वळ पृष्ठभागावर उमटतात. कानस दोन्ही हातांनी नळीला आडवी धरून लांबीच्या दिशेने ओढली जाते. या पद्धतीत कानशीचे दाते कापण्याऐवजी खरवडतात आणि यंत्राचे आडवे ओरखडे जाऊन लांबीला समांतर असा बारीक पोत तयार होतो. दात्यांत धातूचे कण अडकल्यास पृष्ठभागावर खोल चरे पडतात. म्हणून कानशीला खडू घासतात आणि ती तारेच्या ब्रशाने वारंवार साफ करतात.

अष्टकोनी नळीत प्रत्येक बाजू सपाट राहणे आणि दोन बाजूंमधील कड सरळ व स्पष्ट राहणे, ही चांगल्या कामाची खूण मानली जाते. कानस किंचित डुलली तरी बाजू फुगीर होते व कड बोथट होते. नळी उजेडासमोर धरून तिच्यावर पडणाऱ्या प्रतिबिंबाची रेषा पाहिली असता ही चूक लगेच कळते. गोल नळीवर कानशीने सपाट पट्टे पडण्याचा धोका असतो. त्यामुळे प्रत्येक ओढीबरोबर नळी थोडी फिरवली जाते.

घासकाम

कानशीनंतर पॉलिश पेपर वापरतात. सपाट बाजूंसाठी तो लाकडाच्या किंवा धातूच्या सपाट ठोकळ्याभोवती गुंडाळतात. बोटांनी दाबून घासल्यास कडा गोलावतात. खरखरीत कागदापासून सुरुवात करून क्रमाने बारीक कागद घेतला जातो. पुढचा कागद घेण्यापूर्वी मागच्या कागदाचे सर्व ओरखडे गेले आहेत याची खात्री करावी लागते. एखादा टप्पा गाळल्यास राहून गेलेले खोल ओरखडे रंग चढवल्यानंतर अधिकच उठून दिसतात.

किती गुळगुळीत करावे हे पुढील प्रक्रियेवर अवलंबून असते. तपकिरी रंग चढवायचा असल्यास मध्यम बारीक, साधारणतः २२० ते ३२० क्रमांकाच्या कागदापर्यंतची घासाई पुरेशी मानतात. आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागावर गंजाचा थर नीट धरत नाही. चकचकीत निळ्या-काळ्या रंगासाठी मात्र अधिक बारीक घासाई लागते. जुन्या काळी पॉलिश पेपरच्या जागी कुरुंद दगडाची भुकटी तेलात कालवून वापरली जाई. कुरुंद हे हिऱ्याखालोखाल कठीण असलेले खनिज असून त्याचे इंग्रजी नावही भारतीय भाषांतील शब्दावरूनच आले आहे.

अतिसफाईचे तोटे

घासाईच्या प्रत्येक टप्प्यात धातू कमी होतो. ब्रिटिश सैन्यात एके काळी शिपायांना नळ्या विटेच्या भुकटीने घासून चमकत्या ठेवाव्या लागत. वर्षानुवर्षांच्या अशा घासाईने नळ्यांच्या भिंती झिजत. चमकती नळी उन्हात दुरून दिसते आणि लवकर गंजते, हे आणखी दोन तोटे होते. नळ्यांना तपकिरी रंग देण्याची रीत रूढ होण्यामागे ही कारणे होती. खोलवर गेलेला गंजाचा खड्डा घासून पूर्ण नाहीसा करण्याच्या प्रयत्नात भिंत धोकादायक रीतीने पातळ होऊ शकते. बुडाजवळ ही चूक विशेष घातक ठरते.

आतील सफाई

गुळगुळीत नळीत आतला पृष्ठभाग एकसारखा नसेल, तर गोळी व बोळा ठासताना मध्येच अडकतात आणि दारूचा काजळीसारखा अवशेष खडबडीत जागी साचतो. पारंपरिक पद्धतीत लांब दांड्याच्या टोकास बसवलेल्या कापणाऱ्या अवजाराने छिद्र सरळ व एकसारखे केले जाई. त्यानंतर नळीतच ओतलेल्या शिशाच्या गोळ्यावर कुरुंदाची भुकटी व तेल लावून तो मागे-पुढे फिरवला जाई. शिसे मऊ असल्याने भुकटीचे कण त्यात रुततात आणि शिशाचा आकार नळीच्या आकाराशी तंतोतंत जुळतो. खाचा असलेल्या नळीत हा गोळा खाचांबरोबर फिरत जातो. नळी सरळ आहे की नाही हे तपासण्यासाठी कारागीर तिच्यातून उजेडाकडे किंवा ताणलेल्या बारीक तारेकडे पाहत आणि आतल्या छायेच्या रेषेवरून बाक ओळखत.

रंग व गंजरोधन

तपकिरी रंग

ही नियंत्रित गंजाची प्रक्रिया आहे. प्रथम नळीवरील तेलाचा अंश पूर्णपणे काढून टाकतात. बोटाचा ठसासुद्धा डाग पाडतो. नळीची दोन्ही टोके लाकडी खुंट्यांनी बंद करतात, म्हणजे द्रावण आत जात नाही. सौम्य दाहक द्रावण पातळ हाताने लावून नळी दमट पेटीत ठेवली असता तिच्यावर लालसर गंजाचा बारीक थर येतो. सैल गंज जाड कापडाने किंवा मऊ तारेच्या ब्रशाने पुसून पुन्हा द्रावण लावतात. अशी अनेक आवर्तने झाल्यावर एकसारखा तपकिरी थर तयार होतो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लाचा अंश नाहीसा करून, गरम पाण्याने धुऊन, तेल किंवा मेण लावतात. कोकणातील पावसाळी हवेत गंज इतक्या लवकर चढतो की प्रत्येक थरासाठी लागणारा वेळ कोरड्या प्रदेशापेक्षा कमी ठेवावा लागतो.

निळा-काळा रंग

वरील प्रक्रियेत प्रत्येक आवर्तनानंतर नळी उकळत्या पाण्यात ठेवल्यास लाल गंजाचे काळ्या चुंबकीय लोह ऑक्साइडमध्ये रूपांतर होते व पृष्ठभागास निळसर काळी छटा येते. काळे ऑक्साइड लाल गंजापेक्षा घट्ट चिकटून राहते. मात्र दोन्ही थर सच्छिद्र असून त्यांची गंजरोधक शक्ती मुख्यतः त्यांत मुरलेल्या तेलावर अवलंबून असते. तेल न लावता ठेवलेली रंगीत नळीही गंजतेच.

वापरानंतरची सफाई

काळी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांपासून बनते. तिच्या ज्वलनानंतर उरणारे क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात. बार काढल्यानंतर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल न लावल्यास आत थोड्याच अवधीत गंज धरू लागतो. केवळ तेलाने हे क्षार विरघळत नाहीत, त्यासाठी पाणीच लागते. बाहेरून निर्दोष दिसणारी परंतु आतून खड्डे पडलेली नळी बहुधा याच दुर्लक्षाचा परिणाम असते.

कर्जत-खालापूर परिसर

कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले रायगड जिल्ह्यातील तालुके आहेत. पूर्वीचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड या नावाने ओळखला जातो. बोरघाटाची वाट याच भागातून देशावर जाते. घाटवाटांवरील किल्ल्यांपैकी कर्जत तालुक्यातील कोथळीगड, म्हणजेच पेठचा किल्ला, मराठ्यांचे शस्त्रागार म्हणून ओळखला जातो. १६८४ मध्ये तो मुघलांनी घेतला. त्याच्या परिसरात जुनी तोफ पाहावयास मिळते.

खालापूर तालुक्यातील उंबरखिंड येथे १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखान याची अरुंद खिंडीत कोंडी केली. या लढाईचे वर्णन 'शिवभारत' या काव्यात आहे. गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम साधारणतः शंभर मीटरांच्या आतच भरवशाचा असतो आणि ती पुन्हा भरण्यास वेळ लागतो. त्यामुळे झाडीने वेढलेल्या, जवळून मारा करता येईल अशा जागा त्या काळच्या युद्धात निर्णायक ठरत.

या तालुक्यांत ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी या आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. भात हे येथील मुख्य पीक असून जंगलालगतच्या शेतांना रानडुक्कर व माकडे यांचा उपद्रव होतो. शेतात माळा बांधून रात्री राखण करणे, डबे वाजवणे, गोफण मारणे, कुंपण घालणे आणि फटाके उडवणे हे राखणीचे रूढ उपाय आहेत. ठासणीची परवानाधारक बंदूक हा त्यांपैकी शेवटचा आणि सर्वाधिक निर्बंध असलेला उपाय आहे.

कर्जत तालुक्याचा काही भाग भीमाशंकर वन्यजीव अभयारण्यात किंवा त्याच्या लगत येतो. १९८५ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य शेकरूसाठी प्रसिद्ध असून ते पुणे, ठाणे व रायगड या जिल्ह्यांत पसरलेले आहे. अभयारण्याच्या सान्निध्यामुळे परिसरातील बंदूक परवान्यांना पुढे दिलेल्या अतिरिक्त तरतुदी लागू होतात.

खालापूर तालुक्यात चौकजवळ हातनोली येथे २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ सुरू झाला. तेथे 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटासह अनेक ऐतिहासिक कथानकांचे चित्रीकरण झाले आहे. अशा चित्रीकरणांत न उडणाऱ्या नकली बंदुका वापरल्या जातात. त्यांच्या नळीला जुनेपणाचा रंग व पोत देणे, म्हणजे बाह्य सफाईचीच एक वेगळी शाखा, हे कलाविभागाचे काम असते.

कायदेशीर स्थिती

१८५७ नंतर ब्रिटिश सरकारने भारतीयांच्या शस्त्रबाळगणीवर निर्बंध आणले आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची पद्धत देशभर कडक केली. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली. सध्या त्याखालील २०१६ चे नियम लागू आहेत. या अधिनियमातील पुढील तरतुदी ठासणीच्या बंदुकीशी संबंधित आहेत.

कलम २ : 'शस्त्र' या संज्ञेत शस्त्राचे सुटे भाग व शस्त्रनिर्मितीची यंत्रसामग्री यांचाही समावेश होतो. त्यामुळे सुटी नळीदेखील कायद्याच्या कक्षेत येते.
कलम ३ : अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक आहे.
कलम ५ : अग्निशस्त्र बनवणे, विकणे, दुरुस्त करणे किंवा पारखणे यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. बाळगण्याचा परवाना असल्याने बनवण्याचा अधिकार मिळत नाही.
कलम ६ : नळी आखूड करण्यास किंवा नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास परवाना लागतो.
कलम १० : शस्त्रांच्या आयात-निर्यातीसाठी परवाना आवश्यक आहे.
कलम १३ : खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना देता येतो.
कलम ४५ : जुनाट नमुन्याची, पुरातन मूल्याची किंवा मोडकळीस आलेली, आणि दुरुस्तीनेही अग्निशस्त्र म्हणून वापरता न येणारी शस्त्रे अधिनियमातून वगळली आहेत.

२०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना शस्त्रनिर्मितीसाठी किमान सात वर्षांपासून आजन्म कारावासापर्यंत शिक्षा ठरवण्यात आली. यामुळे परदेशात छंद समजली जाणारी संचजुळणी भारतात विनापरवाना केल्यास गंभीर गुन्हा ठरते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीस बंदी आहे. पीकसंरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वनाधिकाऱ्यांची स्वतंत्र परवानगी लागते. कलम ३१ नुसार परवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरांच्या परिसरात राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकांना वन्यजीव विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि या क्षेत्रात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवीन परवाना देता येत नाही.

सुरक्षितता

ठासणीच्या बंदुकीची नळी फुटण्याची कारणे बहुतांशी ठरावीक आहेत.

गोळी दारूवर घट्ट न बसता नळीच्या मध्येच अडकणे. दारू व गोळी यांच्यात मोकळी जागा राहिल्यास नळीवर असमान व अतिरिक्त दाब येतो.
एकदा भरलेली बंदूक विसरून पुन्हा भरणे. हे टाळण्यासाठी रिकाम्या व भरलेल्या नळीची पातळी दाखवणाऱ्या खुणा गजावर करण्याची पद्धत आहे.
काळ्या दारूऐवजी आधुनिक धूरविरहित दारू वापरणे. तिचा दाब अनेक पटींनी अधिक असल्याने जुनी नळी तो सोसू शकत नाही.
आतील गंज, उघडलेला सांधा किंवा अतिघासाईने पातळ झालेली भिंत.
अग्निशस्त्रासाठी न बनवलेल्या साध्या पाइपाचा नळी म्हणून वापर.

शेवटचे कारण गावठी बंदुकांच्या बाबतीत विशेष आढळते. पाण्याच्या किंवा यंत्राच्या पाइपातील शिवण स्फोटाच्या दाबासाठी केलेली नसते. बाहेरून कितीही चांगली घासाई व रंगकाम केले तरी हा दोष झाकला जातो, दूर होत नाही. याच कारणामुळे अनेक देशांत नवीन नळी अधिकृत पारखकेंद्रात जादा दाबाच्या बाराने तपासून तिच्यावर मोहोर उठवली जाते. सफाईपूर्वी केलेली पारख सफाईनंतरच्या पातळ नळीला लागू होत नाही, म्हणून अंतिम पारख साधारणतः घडण पूर्ण होत आल्यावर करतात.

घरात वाडवडिलांची जुनी बंदूक आढळल्यास ती भरलेली असू शकते. कित्येक वर्षांपूर्वी ठासलेली दारू कोरडी राहिली असल्यास आजही पेटू शकते. अशी नळी तापवू नये, तिच्यावर यंत्राने घासाई करू नये आणि तिच्या तोंडासमोर उभे राहू नये. परवान्याची स्थिती तपासून ती पोलिसांच्या निदर्शनास आणणे योग्य ठरते.

वस्तुसंग्रहालयांतील जतन

महाराष्ट्रात पुण्याचे राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि कोल्हापूरचा नवा राजवाडा येथे जुन्या शस्त्रांचे संग्रह आहेत. पुराणवस्तूंच्या जतनाचा नियम नवीन नळीच्या सफाईच्या नेमका उलट आहे. जुन्या नळीवरील काळसर थर, कारागिराच्या खुणा, सोन्या-चांदीची कोफ्तगरी आणि घडणीचा सांधा हीच तिच्या इतिहासाची साधने असतात. कानस किंवा पॉलिश पेपर लावल्यास ती कायमची नष्ट होतात. त्यामुळे जतनकार केवळ सक्रिय लाल गंज मऊ साधनांनी काढतात, वस्तूवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ लेप देतात आणि दालनातील आर्द्रता नियंत्रित ठेवतात. कोकणासारख्या दमट प्रदेशात आर्द्रतेवरील हे नियंत्रणच सर्वांत परिणामकारक संरक्षण ठरते.

हे सुद्धा पहा

बंदूक
तोफ
कोथळीगड
उंबरखिंडची लढाई
भीमाशंकर अभयारण्य
शिकलगार
शस्त्र अधिनियम, १९५९